ओढेल हो, पण थांबेल का?

जीप म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं, सांगू? पावसाळा, चिखल, चारी चाकांनी उडणारं पाणी आणि बॉनेटवर बसून फोटो काढणारा ग्रुप. सोमवारी ऑफिसच्या कँटीनमध्ये तेच फोटो आणि तोच डायलॉग, ‘बॉस, काय टॉर्क आहे! काहीही ओढते!’ आपल्या पिढीला जीप माहीत आहे ती अशी. वीकएंडची.

मी ओळखते ती जीप मात्र सोमवार ते रविवार कामाला जाते. ती माझ्या काकांची आहे, भोरजवळच्या आमच्या गावात असते आणि माझ्यापेक्षा वयाने बरीच मोठी आहे. काकांचा धंदा मंडप आणि जनरेटरचा. लग्न, वास्तुशांत, जत्रा, पुढाऱ्याची सभा... जिथे ऐन वेळी लाइट जायची भीती, तिथे काकांचा जनरेटर उभा. हा जनरेटर दोन चाकांच्या ट्रॉलीवर बसवलेला आणि ती ट्रॉली जीपच्या मागच्या हुकाला अडकवलेली. बंद पडलेली गाडी दोर बांधून आणली तर त्याला आमच्याकडे ‘टोचन’ म्हणतात. ट्रॉली नेणं म्हणजे नुसतं ‘ओढणं’. शब्द साधा आहे, काम साधं नाही. मला ते गेल्या मे महिन्यात कळलं, तेही घरातल्या एका जोरदार भांडणामुळे.

आधी गाडीची ओळख करून देते. ही महिंद्राची सीजे-३बी. मूळ मॉडेल अमेरिकेतल्या विलीजचं, १९५३ सालचं. बॉनेट इतर जुन्या जीपपेक्षा उंच, कारण आत बसवलेलं ‘हरिकेन’ नावाचं पेट्रोल इंजिनच उंच होतं. पुढच्या आणि मागच्या चाकांच्या आसांमधलं अंतर, म्हणजे व्हीलबेस, फक्त ८० इंच. मिलिमीटरमध्ये २,०३२. आपली चिमुकली मारुती ८०० आठवते ना? तिचा व्हीलबेस २,१७५ मिलिमीटर होता. २०२० साली आलेल्या तीन दरवाजांच्या थारचा २,४५०. म्हणजे दिसायला दांडगी असलेली ही जीप व्हीलबेसच्या हिशोबात मारुतीपेक्षाही आखूड! गॅरेजवाले हिला ‘शॉर्ट चासी’ म्हणतात.

या आखूडपणावरच तर लोक फिदा असतात. गावातल्या बोळात ती एका झटक्यात वळते. बांधावरून उतरताना पोट टेकत नाही. मंडपाच्या मागे, जिथे टेम्पो जाऊच शकत नाही, तिथे जीप ट्रॉली घेऊन बरोब्बर शिरते. काकांचा निम्मा धंदा या ८० इंचांवर चालला, असं म्हटलं तरी चालेल.

उरलेला निम्मा चालला डिझेलवर. मूळ पेट्रोल इंजिन २.२ लिटरचं आणि भलतंच खादाड. १९९०च्या आखाती संकटात पेट्रोल भडकलं आणि काकांचं गणित कोलमडलं. तेव्हा डिझेल पेट्रोलपेक्षा खूपच स्वस्त असायचं, कारण त्याचे भाव सरकार बांधून द्यायचं. (हे भाव ऑक्टोबर २०१४मध्ये मोकळे झाले आणि जून २०२०मध्ये तर दिल्लीत डिझेल काही काळ पेट्रोलच्याही वर गेलं. पण १९९०मध्ये असं कोणी सांगितलं असतं तर त्याला वेड्यात काढलं असतं.) तेव्हा जीपवाल्यांनी गावोगावी एकच उद्योग केला. पेट्रोल इंजिन उतरवलं, डिझेल चढवलं.

काकांनी १९९३मध्ये पुण्यात नाना पेठेतून एका अपघातग्रस्त एमएम ५४०चं इंजिन मिळवलं. मूळ प्युजोच्या डिझाइनचं, २,११२ सीसीचं. ते बसवायला मध्ये अडॅप्टर प्लेट आली, नवी माउंटिंग आली, मोठा रेडिएटर आला. डिझेल इंजिन वजनाला जड, म्हणून पुढच्या बाजूला एक पाटा जादा टाकला. गिअरबॉक्स मात्र तोच राहिला, तीन गिअरचा. मग आरटीओचे हेलपाटे आणि शेवटी आरसी बुकात नव्या इंजिनाचा नंबर आणि इंधनाच्या रकान्यात ‘डिझेल’. (तुमच्यापैकी कोणाला असा किडा चावला असेल तर लक्षात ठेवा, मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२प्रमाणे आधी परवानगी घ्यावी लागते. ट्रॉलीचीही वेगळी नोंदणी लागते.)

आता गंमत ऐका. सगळ्या गावाची समजूत अशी, की डिझेल टाकल्यापासून जीपमध्ये हत्तीचं बळ आलं. पण आकडे उलटं सांगतात. जुनं पेट्रोल इंजिन ७०-७५ हॉर्सपॉवरचं होतं, नवं डिझेल ६२च्या आसपास. म्हणजे ताकद वाढली नाही, घटली! वाचले ते पैसे.

मग ओढताना ती एवढी दमदार का वाटते? त्याचा फंडा डिझेलच्या पंपात आहे. या पंपाला गव्हर्नर असतो. ओझ्याने इंजिनाचा वेग पडायला लागला, की तो आपणहून जास्त डिझेल सोडतो. त्यामुळे पहिल्या गिअरमध्ये क्लच हळू सोडून ॲक्सिलरेटरला पायही न लावता ती ट्रॉलीसकट चालायला लागते. बंद पडत नाही, गचके देत नाही. त्यात आसाचा रेशो ५.३८चा. म्हणजे प्रोपेलर शाफ्ट ५.३८ वेळा फिरतो तेव्हा चाक एकदा फिरतं. वेग गेला खड्ड्यात, जोर मात्र भरपूर. हायवेवर पन्नास-पंचावन्नच्या पुढे इंजिन किंचाळायला लागतं, पण चढावर ही बया थांबत नाही.

आणि इथेच आमच्या घरात ठिणगी पडली.

माझा चुलतभाऊ, आमचा दादा, तीन वर्षांपूर्वी हिंजवडीतली नोकरी सोडून गावी परतला. ‘एसीतली नोकरी सोडून कनाती बांधायला आला’ हे त्याने भावकीतल्या प्रत्येक लग्नात ऐकलं, आणि तेही स्वतःच बांधलेल्या मंडपात उभं राहून. गेल्या मे महिन्यात त्याने पहिल्यांदा स्वतःच्या ओळखीवर मोठी ऑर्डर मिळवली. महाडजवळ दोन दिवसांचं लग्न. मंडप तिकडच्याच माणसाचा, पण जनरेटर आणि लाइटिंग आपलं. ॲडव्हान्सही घेऊन झाला. पैशांपेक्षा मोठी गोष्ट अशी, की ऑर्डर ‘अण्णांच्या मुलाला’ नव्हती, त्याला होती.

फक्त एक अडचण. भोरहून महाडला जायचं म्हणजे वरंधा घाट. अरुंद, वळणावळणाचा आणि जाताना सगळा उतार.

मी त्या आठवड्यात दोन डेडलाइन पुढे ढकलून गावी पळाले होते. रात्री जेवताना विषय निघाला आणि काकांनी भाकरी मोडता मोडता सांगून टाकलं, ‘‘ट्रॉली घेऊन जीप घाट उतरायची न्हाई.’’

‘‘अण्णा, जानेवारीत मांढरदेवला हीच ट्रॉली घेऊन चढली ना?’’

‘‘चढली की. उतरताना काय झालं ते इचार मला. तू टेम्पोत हुतास. ड्रममधनं धूर निघत हुता.’’

‘‘पण गाडीत ताकद आहे...’’

‘‘वढंल रं, त्यात काय! पर थांबंल का?’’

दादा ताटावरून उठला. काकूने माझ्याकडे पाहिलं, मी पिठल्याकडे. दादाला वाटत होतं, म्हाताऱ्याला भीती वाटते. आणि खरं सांगायचं तर त्याचा राग घाटाबद्दल नव्हताच. आपलं पहिलं स्वतःचं काम आपल्याच बापाने अडवावं, हे त्याला लागलं होतं.

सकाळी काका आम्हा दोघांना अंगणात घेऊन गेले. काकांनी मास कॉम केलेलं नाही, पण समजावून सांगण्यात त्यांनी माझ्या दोन-तीन प्रोफेसरांना मागे टाकलं असतं.

पहिला धडा ट्रॉलीचा. त्यांनी हुकातून ट्रॉलीची दांडी सोडवली आणि मला उचलायला सांगितली. एका हाताने उचलली गेली. ‘‘ही उलाळ हाय,’’ काका म्हणाले. हा शब्द मी आजीच्या तोंडून ऐकला होता. बैलगाडीत ओझं मागे जास्त झालं की गाडी उलाळ होते, जू वर उचललं जातं. ओझं पुढे जास्त झालं तर ती धुरजड, बैलांच्या मानेवर भार. जीपच्या मागची ट्रॉली थोडी धुरजडच हवी. साधारण नियम असा, की ट्रॉलीच्या एकूण वजनाच्या दहा ते पंधरा टक्के भार हुकावर यावा. उलाळ असली तर ती जीपचं बूड वर उचलते, मागच्या चाकांची पकड जाते आणि वेगात ट्रॉली शेपटीसारखी डुलायला लागते. मग दोघांनी मिळून जनरेटरचे नट सोडवले आणि तो चेनपुलीने पुढे सरकवला. तासभर गेला. या सगळ्यात दादा एक शब्द बोलला नाही.

दुसरा धडा त्या ८० इंचांचा. काकांनी डिकीतून दोन पाने काढले, एक लांब दांड्याचा, एक आखूड. घट्ट नट आखूड पान्याने फिरवायला किती जोर लागतो, हे कोणालाही माहीत असतं. जीपचं तसंच आहे. ट्रॉलीचा हुक मागच्या चाकांच्याही मागे असतो. वळणावर ट्रॉलीने तिथे तिरका धक्का दिला की जीप मागच्या चाकांभोवती फिरायला बघते. तिला सरळ धरून ठेवायचं काम पुढच्या चाकांचं. व्हीलबेस लांब असेल तर ती चाकं लांब दांड्याच्या टोकाला असतात, सहज धरतात. इथे दांडाच आखूड. बोळात शिरायला जो आखूडपणा कामाला येतो, तोच उताराच्या वळणावर उलटतो. आणि अशा वेळी घाबरून ब्रेक दाबला तर? काकांनी दोन्ही तळवे जोडून मिटले. ‘‘अडकित्ता.’’ जीप आणि ट्रॉली अडकित्त्यासारखी एकमेकांवर मिटतात.

तिसरा धडा गाडीत बसून. गावाबाहेर एक लांबलचक, मोकळा उतार आहे. चढाच्या माथ्यावर काका पूर्ण थांबले आणि मग पहिला गिअर टाकला. थांबायचं कारण, या जुन्या बॉक्सचा पहिला गिअर सिंक्रोमेशचा नाही. चालत्या गाडीत तो सहजी पडत नाही. उतारावर ‘आता खालचा गिअर टाकू’ असं म्हणायची सोय नाही. निर्णय वरच घ्यायचा.

उतार सुरू झाला आणि मला ते जाणवलं. कोणीतरी पाठीवर हात ठेवून ‘चल, चल’ करतंय. जोरात नाही, पण हात काढतही नाही. काकांनी पुढे दुसरा गिअर घेतला, वेग वीसच्या आसपास जाऊ दिला आणि अलगद ब्रेक लावला. जीपचं बूड इंचभर बाजूला सरकलं. इंचभरच. दादाने डॅशबोर्डची पट्टी घट्ट धरली होती.

‘‘आता घाटात असा दीड तास,’’ काका म्हणाले.

मी पत्रकार, त्यामुळे परतल्यावर वाचत बसले. आणि काका बोलले त्यातली प्रत्येक गोष्ट पटत गेली. जुन्या पेट्रोल इंजिनात ॲक्सिलरेटर सोडला की थ्रॉटलची झडप मिटते, इंजिन हवेसाठी धडपडतं आणि त्या धडपडीत गाडीचा वेग धरून ठेवतं. साध्या डिझेल इंजिनात अशी झडप नसते. हवा मोकळी आत जाते. त्यामुळे तेवढ्याच आकाराचं डिझेल उतारावर पेट्रोलइतकं धरत नाही. म्हणून तर मोठ्या ट्रकना वेगळा एक्झॉस्ट ब्रेक लावतात. म्हणजे बघा, ज्या बदलामुळे गाडी चढायला गुणी झाली, त्याच बदलाने ती उतरायला अवघड केली. आणि इंजिन बदलताना ब्रेक कोणी बदलले? ते मूळचेच, नऊ इंची ड्रम, बूस्टर वगैरे काही नाही. लो गिअर वापरायचा म्हटलं तर या जीपमध्ये तो फोर-व्हील-ड्राइव्हसोबतच लागतो आणि डांबरी वळणांवर फोर-व्हील लावून चालत नाही. पुढची-मागची चाकं वेगवेगळं अंतर कापतात, मध्ये डिफरन्शियल नाही, सगळं यंत्र आवळलं जातं.

उरला वजनाचा हिशोब. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी लष्कराच्या कागदांत या जीपच्या आजीचं नाव ‘पाव टन ट्रक’ असं होतं. तिच्यासाठी बनवलेला ट्रेलरही पाव टनाचा, आणि ओढायच्या एकूण वजनाची मर्यादा हजार पौंड, म्हणजे साडेचारशे किलो. तिचाही व्हीलबेस ८० इंचच होता. आमची ट्रॉली वजनकाट्यावर ९४० किलो भरली. दुपटीच्या वर. त्यात वेगाचं गणित आणखी क्रूर. वीसच्या जागी चाळीसचा वेग झाला तर थांबताना ब्रेकना दुप्पट नाही, चौपट उष्णता पचवावी लागते. ड्रम तापले की लायनर पकड सोडतात आणि पेडल दाबूनही गाडी ऐकत नाही. मांढरदेवचा धूर म्हणजे हाच प्रकार.

हे सगळं मी दादाला वाचून दाखवलं नाही. गरजच नव्हती. त्या उतारावरून घरी येताना तो गप्प होता, पण रात्रीचा गप्पपणा वेगळा आणि हा वेगळा. संध्याकाळी त्याने भोरमधून एक पिकअप भाड्याने ठरवला. जनरेटर ट्रॉलीवरून उतरवून पिकअपच्या हौद्यात चढवला, चारी बाजूंनी पट्ट्यांनी आवळला. भाडं आणि चढवण्या-उतरवण्याची मजुरी यात निम्म्याहून जास्त नफा गेला. काकांनी खिशातून पैसे काढून पुढे केले. दादाने घेतले नाहीत.

लग्न मजेत पार पडलं. लाइट दोनदा गेले, वऱ्हाडाला कळलंसुद्धा नाही. तरीही बाप-लेक पुढचे चार दिवस कामापुरतंच बोलत होते. समोरचा बरोबर आहे हे पटलं म्हणून लगेच गळ्यात पडायला हा काही सिनेमा नव्हे. नाही म्हणणाऱ्याचं बरोबर असलं तरी ते ‘नाही’ दुखायचं तेवढं दुखतंच.

पुण्यात परतल्यावर मला सगळीकडे तेच दिसायला लागलं. अप्रेझलच्या मीटिंगमध्ये विचारतात, ‘अजून किती लोड घेशील?’ होम लोनवाला विचारतो, ‘किती हप्ता झेपेल?’ आमच्या फ्रीलान्स दुनियेत तर मेलच येतो, ‘यू कॅन पुल इट ऑफ, ना?’ सगळे चढाचेच प्रश्न. आणि पगार वाढत असतो, तब्येत ठणठणीत असते, तेव्हा उत्तरही बरोबरच असतं. झेपतंच. माझी एक मैत्रीण दोन बेडरूमच्या फ्लॅटचा हप्ता, गाडीचा हप्ता आणि टीमलीडची खुर्ची असं सगळं मस्त ओढत होती. मग कंपनीत कपात सुरू झाली. तेव्हा तिला कळलं, की मागचं ओझं आता आपण ओढत नाही, ते आपल्याला ढकलतंय. ओझं तेच होतं, रस्ता फक्त उताराला लागला होता.

काकांचं मला पटलेलं मुख्य म्हणजे हे, की त्यांनी ताकदीबद्दल वादच घातला नाही. ‘वढंल’ हे त्यांनी पहिल्याच वाक्यात मान्य केलं. प्रश्न त्याच्या पुढचा होता. आणि तो प्रश्न घाटाच्या माथ्यावर, गाडी थांबलेली असतानाच विचारावा लागतो. मधल्या वळणावर तो पहिला गिअर पडत नाही.

दिवाळीच्या सुमारास दादाने ट्रॉलीला स्वतःचे ब्रेक बसवून घेतले. ओव्हररन ब्रेक म्हणतात त्याला. उतारावर ट्रॉली जीपला ढकलायला लागली, की जोडणीची दांडी आत सरकते आणि त्याच जोराने ट्रॉलीचेच ब्रेक लागतात. ढकलणाऱ्याची खोड ढकलण्यानेच मोडायची, असा झकास प्रकार. काकांनी तो दोन वेळा उतारावर चालवून पाहिला, खाली वाकून सगळ्या खिळा तपासल्या आणि ‘‘बरं हाय’’ एवढंच म्हणाले. आमच्या घरात याला पुरस्कार समजतात.

तरीही वरंध्याला जीप ट्रॉली घेऊन जात नाही. ब्रेक आले म्हणून ९४० किलोंचे साडेचारशे होत नाहीत आणि ८० इंचांचे शंभर होत नाहीत, हे आता दादाच गिऱ्हाइकांना सांगतो. त्याच्या छापील कोटेशनवर तळाला एक ओळ आहे, ‘घाट असल्यास पिकअपचे भाडे वेगळे.’ गिऱ्हाईक कुरकुरतं, म्हणतं, ‘अहो, एवढी जीप आहे ना तुमच्याकडे!’

दादा म्हणतो, ‘‘आहे ना. म्हणून तर.’’